कूलंटचा पंप, टेस्टिंगचा बल्ब आणि नारिंगी वायर

(आकाशवाणीवरून दिलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



वर्धा जिल्ह्यातल्या देवळी तालुक्यात, पुलगाव रेल्वे स्टेशनला जवळजवळ चिकटून आमचं नाचणगाव आहे. तिथे मी मोटारगाड्यांच्या वायरिंगची कामं करतो. आजचा विषय ऐकायला जरा तांत्रिक वाटेल. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांत कूलंट फिरवणारा एक लहानसा पंप असतो. त्याच्या विजेच्या जोडणीत दोष आला तर तो शोधायचा कसा, एवढाच हा विषय. पण ज्यांनी कर्ज काढून अशी गाडी घेतली आहे त्यांच्या खिशाशी त्याचा संबंध आहे, आणि आमच्यासारख्या लहान गॅरेजवाल्यांच्या रोजीरोटीशीही आहे.

लोक मला पहिला प्रश्न विचारतात तो असा : "इलेक्ट्रिक गाडीत इंजिनच नाही, मग तिला पाणी काहून लागते भाऊ?" प्रश्न अगदी रास्त आहे. पेट्रोल जळत नाही म्हणजे उष्णता नाही, असंच कुणालाही वाटेल. पण बॅटरीतून वीज निघाली की बॅटरी तापते. ती वीज इन्व्हर्टर नावाच्या पेटीतून मोटरकडे जाते, तिथे पेटीही तापते आणि मोटरही. घरी किंवा चार्जिंग स्टेशनवर चार्जिंग लावलं की गाडीतला चार्जर तापतो. गावात फिरणाऱ्या बहुतेक इलेक्ट्रिक स्कूटरचं हवेवर भागतं. मोटारीचं तसं भागत नाही. २०२० च्या जानेवारीत आलेल्या टाटाच्या नेक्सॉन ईव्हीमध्ये बॅटरीच द्रवाने थंड केलेली होती. मारुतीची ग्रँड विटारा किंवा टोयोटाची हायक्रॉस यांच्या हायब्रिड गाड्यांत इंजिनाच्या पाण्याखेरीज इन्व्हर्टरसाठी कूलंटचा स्वतंत्र फेरा असतो. फेरा कोणताही असो, तो फिरवायला पंप लागतोच.

जुन्या गाडीत पाण्याचा पंप इंजिनावरच्या पट्ट्याने फिरायचा. पट्टा तुटला की दिसायचा, बेअरिंग गेलं की ओरडायचं. नव्या गाडीतला पंप विजेवर चालतो. तो मुठीएवढा असतो, बंपरच्या मागे कुठेतरी खाली बसवलेला असतो, आणि त्याचा आवाज कानाला जेमतेम लागतो. तो थांबला तरी मालकाला काही कळत नाही. कळतं ते पाच-दहा मिनिटांनी, तेही वेगळ्याच रूपात. गाडीची ताकद कमी होते आणि काही गाड्यांच्या डॅशबोर्डवर कासवाचं चित्र येतं. एसी गार हवा द्यायचा बंद होतो. समोरचा पंखा विमानासारखा घोंघावू लागतो. फास्ट चार्जिंगला लावलेली गाडी मुंगीच्या पावलाने चार्ज होते. मालकाला वाटतं की बॅटरी गेली, आणि बॅटरीची किंमत त्याला ठाऊक असते, त्यामुळे त्याच्या पोटात गोळा येतो.

आमच्या भागात हा प्रश्न जास्त जाणवतो, याचं कारण आमचा उन्हाळा. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांवर जाणं ही काही बातमी राहिलेली नाही. बॅटरीला साधारण माणसाला सोसवतं तेवढंच तापमान मानवतं. चाळिशीच्या वर गेलं की गाडीची यंत्रणा तिला जपायला लागते. त्यात २०२२ च्या डिसेंबरात समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि तो आमच्या जिल्ह्यातून जातो. पूर्वी गावोगावच्या गतिरोधकांवर गाडीला आपोआप विसावा मिळायचा. आता भर दुपारी तासन् तास १०० ते १२० च्या वेगाने गाडी पळते. पंपात थोडी कसर असेल तर ती अशा वेळी उघडी पडते. पंप पूर्ण बंद नसतो, कधी चालतो कधी नाही, आणि सकाळच्या गारव्यात गाडी वर्कशॉपला नेली की सगळं ठीक दिसतं.

हा दोष फक्त आपल्याकडचा आहे असं समजू नका. टोयोटाची प्रियस ही जगात सर्वांत आधी मोठ्या संख्येने विकली गेलेली हायब्रिड गाडी. २०१२ च्या नोव्हेंबरात टोयोटाने जगभरातल्या सुमारे २७ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. ते मुख्यतः स्टिअरिंगच्या एका भागासाठी होतं. पण त्याच वेळी सहा लाखांहून अधिक हायब्रिड गाड्यांचा पंपही त्यात होता. पंपाच्या आतल्या तारेच्या वेटोळ्याला गंज धरायचा, तार आतल्या आत शॉर्ट व्हायची, क्वचित फ्यूज उडायचा आणि चालती गाडी थांबू शकायची. पाहा, हजारो व्होल्टचा विषय नाही, साध्या १२ व्होल्टवर चालणारा एक पंप, आणि त्याच्यापायी अख्खी गाडी रस्त्यात उभी राहते.

मला वाटतं, या गाड्यांच्या दुरुस्तीतला सर्वांत मोठा गैरसमज इथेच आहे. मिस्त्री मंडळी इलेक्ट्रिक गाडी म्हटली की हात मागे घेतात. ती भीती निम्मी बरोबर आहे. गाडीत नारिंगी रंगाच्या वेष्टनाच्या ज्या जाड तारा दिसतात त्यांत उच्च दाबाची वीज असते. मोटारींत हा दाब सर्रास ३०० ते ४०० व्होल्टचा असतो. त्या दुसऱ्या पिढीतल्या प्रियसची बॅटरी २०१.६ व्होल्टची होती, पण मोटरकडे जाताना तो दाब ५०० व्होल्टपर्यंत चढवला जायचा. एकदिशा विजेच्या ६० व्होल्टवर जीवाला धोका आहे असं धरून चालतात. तेव्हा नारिंगी तारेला, तिच्या झाकणाला किंवा बोल्टला, प्रशिक्षण आणि १००० व्होल्टचे हातमोजे असल्याशिवाय कुणीही हात लावू नये. गाडी बंद केली आणि सर्व्हिस प्लग काढला तरी इन्व्हर्टरमधल्या कपॅसिटरमध्ये वीज काही मिनिटं साठून राहते. कंपनीने सांगितलेला वेळ थांबायचं, आणि मग मीटरने शून्य पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही. डॅशबोर्डवर इन्सुलेशनचा इशारा आला असेल, किंवा कूलंट बॅटरीच्या पेटीत गळल्याची शंका असेल, तर ते काम गावातल्या गॅरेजचं नाही. सरळ ट्रकवर चढवून गाडी पाठवावी.

भीतीची दुसरी निम्मी बाजू मात्र चुकीची आहे. बहुतेक गाड्यांतला कूलंट पंप १२ व्होल्टवर चालतो. त्याची तार नारिंगी नसते. त्याला फ्यूज आहे, रिले आहे, अर्थ आहे. म्हणजे हेडलाइटचं सर्किट तपासणाऱ्या मिस्त्रीला यातला अर्धा भाग आधीच येतो. उरलेल्या अर्ध्या भागात त्याच्या जुन्या सवयी त्याला गोत्यात आणतात, आणि त्याबद्दल मला आज सविस्तर सांगायचं आहे.

आधी एक खबरदारी. गाडीची किल्ली काढली म्हणजे पंप झोपला असं समजू नये. चार्जिंग चालू असताना, किंवा गरम गाडी बंद केल्यावरही, पंप आणि पंखा आपले आपण सुरू होतात. तेव्हा चार्जरची पिन काढून ठेवायची, किल्ली गाडीपासून लांब ठेवायची, आणि तापलेल्या टाकीचं झाकण उघडायचं नाही.

आता पंपाच्या पोटात काय असतं ते थोडक्यात पाहू. जुन्या मोटरसारखे कार्बनचे ब्रश त्यात नसतात. आत फिरणारं चुंबक कूलंटमध्येच बुडालेलं असतं आणि बाहेरच्या वेटोळ्यांना वीज आळीपाळीने द्यायला एक छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतो. साध्या पंपाला दोनच तारा असतात. नव्यांना तीन किंवा चार असतात. एक प्लस, एक अर्थ, एक हुकुमाची तार, आणि कधी पंपाने परत खबर द्यायची तार. हुकुमाच्या तारेवरून गाडीचा कंट्रोलर सांगतो की इतक्या वेगाने फिर. बऱ्याचदा हा हुकूम वीज भराभर चालू-बंद करून दिला जातो. चालू असण्याचा वाटा जास्त की कमी, यावरून पंपाला वेग कळतो.

यातून एक फसगत होते. कुणी चार तारांचा पंप काढतो, टेबलावर ठेवतो, प्लस आणि अर्थ यांना थेट बॅटरी जोडतो. पंप फिरत नाही. "मेला," म्हणून नवा मागवतो. खरं तर काही पंप हुकूम मिळाल्याशिवाय हलतच नाहीत, आणि काही पंप हुकुमाची तार तुटली तर उलट पूर्ण वेगाने धावतात. दोन्ही प्रकार आहेत. हातातला पंप कोणत्या जातीचा आहे ते त्या गाडीच्या पुस्तकात पाहावं लागतं. शिवाय टेबलावर कोरडा पंप चालवणं हीच चूक आहे, कारण त्याच्या बेअरिंगला कूलंटचंच वंगण असतं. आणि प्लस-मायनस उलटं लागलं तर आतला बोर्ड क्षणात जातो. म्हणजे चांगला पंप तपासता तपासता मारला जातो, आणि मग "पंपच खराब होता" हे सिद्ध झाल्यासारखं वाटतं.

त्यामुळे पंपाला हात लावायच्या आधी स्कॅनर लावावा. इन्व्हर्टर पुरेसा थंड होत नाही, असं सांगणारा कोड पी०ए९३. पंपाच्या नियंत्रणाच्या सर्किटमध्ये दोष असेल तर पी०ए०५, पी०ए०६ किंवा पी०ए०७ असे कोड येतात; अनुक्रमे तार तुटलेली, दाब कमी, दाब जास्त. आता पी०ए९३ चा अर्थ पंप खराब असा नाही. पंप चांगला असून कूलंट कमी असेल, फेऱ्यात हवा अडकली असेल, रेडिएटरवर कापसाची रुई बसली असेल, तरीही तोच कोड येईल. पुलगावच्या आसपास जिनिंगच्या हंगामात रेडिएटरच्या जाळीवर रुईची गोधडी बसलेली मी पाहिली आहे. ब्रशने झाडली की गाडी बरी. तसंच काही गाड्यांत दोन किंवा तीन पंप असतात. कोड बॅटरीच्या फेऱ्याचा आणि मिस्त्री मोटरच्या फेऱ्यावर दुपार घालवतो, हेही घडतं.

स्कॅनरवर बहुधा पंपाला हुकूम देण्याची सोय असते. हुकूम द्यावा आणि पंपावर बोट ठेवावं. हलकी थरथर लागली पाहिजे. दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये याहून सोपी खूण होती. गार गाडीत इन्व्हर्टरच्या कूलंट टाकीचं झाकण काढून, गाडी 'रेडी' करून आत पाहिलं की कूलंट खळबळताना दिसायचं. खळबळ नाही, तर प्रवाह नाही. काही गाड्यांत आजही टाकीत असा प्रवाह दिसतो.

पंप फिरत नाही असं ठरलं तर पहिल्यांदा फ्यूज. उडालेला फ्यूज बदलून मोकळं होऊ नये, आणि मोठ्या अँपिअरचा तर चुकूनही घालू नये. पंपाचा कपलर काढून ठेवायचा आणि त्याच अँपिअरचा नवा फ्यूज लावायचा. तरीही उडाला तर दोष तारेत आहे, कुठेतरी घासून बॉडीला लागली आहे. टिकला आणि कपलर लावल्यावर उडाला, तर पंप आतून शॉर्ट आहे किंवा अडकला आहे. एवढ्या एका चाचणीने निम्मी बाजू निकालात निघते. रिलेचं तर त्याहून सोपं आहे. डब्यात शेजारी त्याच नंबरचा दुसरा रिले असतो, अदलाबदल करून पाहावी.

फ्यूज ठीक, रिले ठीक, आणि कपलर काढून मल्टीमीटर लावला तर पूर्ण १४ व्होल्ट. इथे नव्वद टक्के मंडळी "वीज येते आहे, पंप गेला" म्हणतात. नव्वद हा आकडा मी मोजलेला नाही, बोलण्याची पद्धत म्हणून घ्या. पण त्या १४ व्होल्टवर माझा विश्वास नाही. मल्टीमीटर जवळजवळ काहीच वीज ओढत नाही. तारेतल्या वीस धाग्यांपैकी एकोणीस तुटले आणि एकच उरला, तरी मीटर १४ च दाखवणार. नळाची तोटी बंद असताना पाइपातला दाब पूर्ण दिसतो तसंच ते आहे. तोटी उघडल्यावर धार किती पडते ते पाहायला हवं.

साधा हिशेब करू. पंप ५० वॅटच्या आसपासचा धरला तर तो चारेक अँपिअर ओढतो. अर्थच्या बोल्टखाली गंज किंवा रंग असेल आणि त्याने फक्त एक ओहमचा अडथळा आला, तर चार अँपिअरला चार व्होल्ट तिथेच खर्च होतात. १४ चे १० उरतात. शिवाय त्या बोल्टवर १६ वॅटची उष्णता तयार होते, म्हणजे छोटं सोल्डरिंग आयर्न सतत चालू ठेवल्यासारखं. सांधा तापतो, तापल्याने अडथळा आणखी वाढतो, दाब आणखी घसरतो. शेवटी पंपातला बोर्ड "दाब अपुरा" म्हणून स्वतःला बंद करून घेतो. पंप थांबला की विजेची ओढ संपते, आणि ओढ संपली की दाब पुन्हा १४! सांधा गार होतो, पंप पुन्हा धावतो. कधी चालतो कधी नाही, या कोड्याचं उत्तर बरेचदा इथेच असतं.

म्हणून चाचणी करायची ती पंप चालू असताना. मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसवर, लाल पिन पंपाच्या कपलरच्या मागून अर्थच्या तारेवर. दोन दशांश व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थमध्ये दोष आहे. तसंच प्लसच्या बाजूला. बॅटरीच्या प्लसपासून पंपाच्या प्लसपर्यंत किती व्होल्ट गळतात ते पाहायचं. पंप चालतच नसेल तर त्याच्या जागी ओझं म्हणून हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब लावावा. तो साडेचार अँपिअर ओढतो, जवळजवळ पंपाइतकेच. बल्ब झगझगीत पेटला तर प्लस आणि अर्थ दोन्ही बाजू खणखणीत. मंद पेटला तर वाटेत कुठेतरी चोर आहे. आमच्या गॅरेजातलं हे सर्वांत जुनं आणि सर्वांत स्वस्त हत्यार आहे.

पण हेच हत्यार हुकुमाच्या तारेला लावाल तर घात होईल. ती तार कंट्रोलरमधल्या नाजूक ट्रान्झिस्टरवरून येते. तिच्यावर काही हजारांश अँपिअरचा कारभार चालतो. तिथे चार अँपिअरचा बल्ब टोचला तर पंपाची दुरुस्ती बाजूला राहून कंट्रोलर बदलायची वेळ येते. त्या तारेवर फक्त मल्टीमीटर किंवा ऑसिलोस्कोप लावायचा. मीटरवर चालू-बंद होणाऱ्या विजेची सरासरी दिसते. १२ व्होल्टचा संकेत निम्मा वेळ चालू असेल तर मीटर ६ च्या आसपास दाखवेल. स्कॅनरवरून हुकूम कमी-जास्त केला की हा आकडाही हलला पाहिजे. हलत नसेल, एकाच जागी खिळला असेल, तर तार तुटली आहे, कुठे चिकटली आहे किंवा कंट्रोलर बोलत नाही. काही गाड्यांत हा हुकूम लिन नावाच्या एकतारी संदेशवहनातून जातो. तिथे मीटर अपुरा पडतो, पण आता स्वस्तातले ऑसिलोस्कोप मिळतात आणि होतकरू पोरांनी ते वापरायला शिकावं असं माझं मत आहे.

एक उदाहरण सांगतो. सेवाग्रामच्या दवाखान्यात रोग्यांना ने-आण करणारा एक चालक माझ्याकडे आला. गाडी इलेक्ट्रिक, कोणत्या कंपनीची ते महत्त्वाचं नाही. बँकेचा हप्ता चालू होता. एका शहरातल्या वर्कशॉपमध्ये त्याने पंप बदलून घेतला होता. पंधरा दिवसांनी भर दुपारी पुन्हा कासव. मागच्या सीटवर डायलिसिसचा रोगी. त्याला पुन्हा पंपच बदला असं सांगितलं गेलं. "भाऊ, दुसरा पंप घ्यायले पैसे नाहीत. आन् रोग्याला रस्त्यात ठेवता येत नाही न," तो म्हणाला.

सकाळी तपासलं तर सगळे आकडे ठीक होते. दोष सकाळी दिसणार नाही हे त्याच्या बोलण्यावरूनच उघड होतं. म्हणून दुपारी दोन वाजता गाडी उन्हात उभी करून, एसी पूर्ण लावून, स्कॅनरवरून पंपाला पूर्ण वेगाचा हुकूम दिला आणि मीटर अर्थच्या तारेवर ठेवून बसलो. सुरुवातीला चार दशांश व्होल्ट. तेच थोडं जास्त होतं. चाळीसेक मिनिटांत आकडा अडीचच्या पुढे गेला. तार मागे मागे शोधत गेलो तर समोरच्या बाजूला एका पट्टीखाली अर्थचा बोल्ट सापडला. चालकाला विचारलं, "गाडी पुढून ठोकली होती का कधी?" तर म्हणाला, "हो, दिवाळीच्या आधी रानडुक्कर आडवं आलं होतं." डेंटिंग-पेंटिंग झालं, नवी पट्टी रंगवली, आणि रंगावरच अर्थचा बोल्ट आवळला. रंग म्हणजे इन्सुलेशन. बोल्टच्या आट्यांतून जेमतेम वीज जात होती. पॉलिश पेपरने जागा चकचकीत केली, दातेरी वॉशर घातला, वरून पेट्रोलियम जेली लावली. पुन्हा तासभर चालवली. आकडा एक दशांशाच्या खालीच राहिला. पहिला काढून टाकलेला पंपही बहुधा चांगलाच असणार, पण तो त्याला परत मिळाला नव्हता.

अर्थच्या बोल्टशिवाय आमच्या भागात आणखी दोन-तीन कारणं वारंवार भेटतात. सोयाबीन निघालं की उंदीर घरात आणि गाडीत शिरतात, त्यांना बारीक तारांचं भारी प्रेम. पावसाळ्यात काळी माती पंपाच्या कपलरला लिंपली जाते आणि ओल धरून ठेवते. आणि वॉशिंग सेंटरवर बॉनेट उघडून जोरदार फवारा मारण्याची हौस! कपलरचं रबर असतं, पण त्या दाबापुढे ते काय करणार? आत पाणी गेलं की पिना हिरव्या पडतात. पंपाच्या सीलमधून कूलंट झिरपला तर तो तारेच्या धाग्यांतून, दिव्याच्या वातीत तेल चढावं तसा, वर चढत जातो. कपलर उघडल्यावर आत ओल किंवा गोडसर वासाचा चिकटा दिसला तर मात्र पंप बदलण्याला पर्याय नाही, आणि तारेचा तेवढा तुकडाही बदलावा.

पंप बदलल्यावर निम्मं काम उरतं. फेऱ्यातली हवा काढायची. पंप किती वीज ओढतो ते क्लॅम्प मीटरवर पाहिलं की पुष्कळ कळतं. नेहमीपेक्षा फार कमी ओढत असेल आणि वेग जास्त असेल तर तो पाण्याऐवजी हवा घुसळतो आहे. फार जास्त ओढत असेल तर अडकतो आहे. हवा काढायची रीत गाडीगणिक वेगळी असते, स्कॅनरवरून ती सुरू करावी लागते. आणि कूलंट पुस्तकात सांगितलेलाच भरायचा. काही इलेक्ट्रिक गाड्यांना वीज कमी वाहून नेणारा खास कूलंट लागतो. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी टाकू नका. आमच्याकडचं पाणी किती क्षारांचं आहे ते घरातल्या गिझरला विचारा.

आता थोडं मनातलं. हे सगळं करायला गाडीच्या वायरिंगचा नकाशा लागतो. कोणती तार हुकुमाची, तिच्यावर किती व्होल्ट हवेत, पंप कुठल्या जातीचा, हे त्या नकाशावाचून अंदाजाने करणं धोक्याचं आहे. आणि तो नकाशाच लहान गॅरेजला सहजी मिळत नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केलं, त्यात मोटारींचं क्षेत्र घेतलं आहे. पाऊल चांगलं आहे. आयटीआयमध्ये 'मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेइकल' हा स्वतंत्र ट्रेडही आला आहे. पण शिकून बाहेर पडलेल्या पोराच्या हातात नकाशाच नसेल तर तोही अंदाजानेच पंप बदलणार. वर्धा आमच्यापासून तीसेक किलोमीटर, नागपूर शंभरावर. १२ व्होल्टच्या एका सांध्यासाठी गाडी ट्रकवर घालून तिथवर न्यावी लागू नये, एवढीच आमची मागणी आहे.

वॉरंटीतली गाडी असेल तर तिला आमच्याकडे आणू नका, हे मी स्वतःच सांगतो. पुष्कळ कंपन्या बॅटरीला ८ वर्षांची किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी देतात, पण पंप आणि वायरिंग यांची हमी बरेचदा त्याहून आधी संपते. तुमच्या पुस्तिकेत दोन्ही मुदती वेगवेगळ्या पाहून ठेवा. आणि कुठल्याही वर्कशॉपमध्ये, मोठ्या असो की लहान, "पंप बदलावा लागेल" असं कुणी म्हणालं तर तीन गोष्टी बिनधास्त मागा. कोणता कोड आला तो बिलावर लिहून द्या. पंप चालू असताना प्लसकडे आणि अर्थकडे किती व्होल्ट गळत होते तो आकडा लिहून द्या. आणि जुना पंप माझ्या डिकीत ठेवा.